बिनअंगठ्याचे हातमोजे

४ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानंच जुळवतेस. मागच्या वेळी मी म्हटलं "घर उंच आहे", आणि तू शेजारणीला सांगितलंस की माझ्या सासरी उंदीर आहेत. म्हणून हे पत्र.

हे परवा जहाजावर परत गेले. लग्नाला जेमतेम महिना झाला आणि आता सहा-सात महिने नुसती वाट बघायची. घर खरंच उंच आहे, आणि अरुंद. काड्यापेट्या एकावर एक ठेवाव्यात तशा खोल्या. खाली स्वयंपाकघर, मधे माझी आणि जाऊबाईंची खोली, वर सासूबाई. शेजारी घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथली टिकटिक सोडली तर दिवसभर चिटपाखरू नाही.

मोठे दीर वारल्यापासून जाऊबाईच सासूबाईंचं सगळं करतात. पूर्वी त्या रुग्णांची देखभाल करायचंच काम करायच्या. सासूबाईंना मी अजून नीट पाहिलेलंही नाही. ह्यांनी जायच्या आधी एकदा वर नेलं, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. त्यांना काही आठवत नाही म्हणे, आणि नवं माणूस दिसलं की बिथरतात. वरच्या खोलीला कुलूप असतं.

मला इथं काम म्हणून नाही. घासायला घेतलेलं भांडंही जाऊबाई हातातून काढून घेतात. "तू बस गं," एवढंच. काल जिन्याखाली एक शिलाई मशीन सापडलं, हातानं फिरवायचं. तू आयुष्यभर इस्पितळाच्या शिवणखोलीत बसलीस आणि तुझ्या भाचीला साधं बटण लावता येत नाही. शिकवशील? अगदी पहिलीतल्या पोरीला शिकवतात तसं, सोप्यातलं सोपं.

तुझी
गुंडी

१३ जानेवारी

गुंडे,

बटण लावता येत नाही म्हणे! चार वर्षांची होतीस तेव्हा नाकात बरोब्बर घालता आलं होतं. डॉक्टरांनी चिमट्यानं काढलं तेव्हापासून तर गुंडी म्हणतो तुला.

आधी मशीनला तेल दे आणि जुन्या कापडावर दिवसभर टिपा मार. सरळ आल्या की मग उशीचा अभ्रा. उशीच्या लांबीच्या दुप्पट कापड घे आणि वर वीतभर जास्त. रुंदीला दोन्हीकडे बोटभर शिलाईसाठी सोड. कापडाच्या दोन्ही आखूड कडा दुमडून शिव. मग सुलट बाजू आत ठेवून कापडाची अशी घडी घाल की दोन्ही टोकं मधे एकमेकांवर चढतील. दोन्ही बाजूंनी टिपा मार आणि उलटा कर. झाला अभ्रा, ना काज ना बटण. पहिला वाकडा होणारच. तो माझ्यासाठी ठेव, मी त्यावर डोकं टेकवून हसेन.

तो जमला की नाडीची पिशवी कर. तोंडाशी कापड दुमडून नेफा शिवायचा आणि त्यातून नाडी ओवायची.

सासूबाईंना भेटत जा. आठवत नसलं तरी माणसाला माणसाचा हात कळतो. इस्पितळात मी हे रोज बघायचे.

मावशी

९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

दोन बातम्या. छोटी आधी. अभ्रा झाला! पहिला मी सुलट बाजू बाहेर ठेवून शिवला, त्यामुळे त्याच्या सगळ्या शिवणी अंगावर काटे आल्यासारख्या दिसतात. तो तुझा. पुढचे तीन मात्र दुकानातल्यासारखे आलेत. पिशव्याही दोन केल्या.

मोठी बातमी म्हणजे तू आजी होणार आहेस! ह्यांना अजून कळलेलं नाही, जहाज बंदराला लागलं की पत्र मिळेल. जाऊबाईंनी मात्र माझ्याही आधी ओळखलं. त्या दिवसापासून मला जिना उतरू देत नाहीत. जेवण खोलीतच येतं. उलट्यांसाठी कसले तरी थेंब देतात, त्यानं दुपारभर गाढ झोप लागते. इतकं तर आईनंही केलं नसतं गं.

माझं शिवण बघून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "आता मला एक करून दे. आईंसाठी हातमोजे." सासूबाई स्वतःला ओरबाडून घेतात म्हणे. मऊ कापडाचे, आत कापूस भरून. कसे करायचे?

सासूबाईंना भेटायचं मी दोनदा विचारलं. "अजून नको, तुला पाहून घाबरतील. आणि आता तर तू जपायला हवंस." कधी कधी वरून टकटक असा आवाज येतो, पलंगाच्या लाकडावर काही आपटावं तसा. मग जाऊबाई वर जातात आणि आवाज थांबतो. "आपल्या घरात आवाज नको बाई," असं त्या खाली येताना स्वतःशीच म्हणतात.

तुझी
गुंडी

१८ फेब्रुवारी

गुंडे, माझ्या सोन्या,

पत्र वाचलं आणि भर दुपारी शेजारणीला उठवलं. तिला वाटलं कुठं आग लागली. पोटातल्याला सांग, आजीनं आत्तापासून लंगोट कापायला घेतलेत.

हातमोजे सोपे आहेत. कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरव, पण बोटांमधे शिरू नकोस, चार बोटांची मिळून एकच पिशवी आणि अंगठा वेगळा. बाहेर दोन बोटं जागा सोडून काप. बाहेरचं कापड दोनदा, अस्तर दोनदा, मधे कापसाचा पातळ थर. अंगठ्याच्या बेचक्यात कात्रीनं छोटीशी खाच दे, नाहीतर उलटा केल्यावर तिथं चुणी पडते. हाताचा पंजा सासूबाईंचाच घे, तुझा नको. त्या निमित्तानं भेट होईल.

ते थेंब कसले? नाव लिहून पाठव. डॉक्टरांनी दिलेत ना?

मावशी

१४ मार्च

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. हल्ली डोकं जड असतं, चार ओळी लिहिल्या की डोळे मिटतात.

थेंबांच्या बाटलीवर काही लिहिलेलं नाही. जाऊबाईंना विचारलं तर हसल्या. "अगं, मी इतक्या बायकांचं केलंय. डॉक्टर कशाला हवा?"

हातमोजे झाले, आणि तुझा बेचक्याचा त्रासच उरला नाही, कारण अंगठाच नको म्हणाल्या. नुसती गोल पिशवी आणि मनगटाशी घट्ट बांधायला नाडी. मला ते फारच बोडके वाटले, म्हणून मी त्यांच्यावर दोन निळी फुलं भरली, साखळी टाक्यानं. पंजाचं मापही घ्यावं लागलं नाही. जाऊबाई आकडे सांगत नाहीत, दोरीला गाठी मारून आणून देतात.

त्यानंतर एक पट्टा केला. वीतभर रुंद, आत कापसाचा थर, पाठीला आधार म्हणून. त्याच्या नाड्या इतक्या लांब हव्या होत्या की पलंगाखालून वळसा घेऊन याव्यात. गाठ तिकडे खाली मारतात, म्हणजे टोचत नाही. नाडी जिथं पट्ट्याला जोडली तिथं चौकोन शिवून मधे फुली मारायला त्यांनीच शिकवलं. कितीही ओढलं तरी उसवत नाही.

गेल्या आठवड्यात तोच पट्टा आत घ्यायला आणून दिला, सैल होतोय म्हणून. आज परत आणलाय. सासूबाईंना जेवण जात नाही बहुतेक.

तू सांग, आता पुढचं काय शिकू? झबलं जमेल का मला?

तुझी
गुंडी

१९ मार्च

गुंडे,

शिवण बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

ज्या हातमोज्यांना अंगठा नसतो त्यांनी माणसाला काही धरता येत नाही, पेला नाही, चमचा नाही, दाराची कडी नाही. आणि ज्या पट्ट्याची गाठ पलंगाखाली असते तो पाठीच्या आधाराचा नसतो. असे पट्टे मी शिवणखोलीत शिवलेत. आमच्याकडे ते डॉक्टरांच्या सहीशिवाय कुणाला बांधता येत नसत आणि दर थोड्या वेळानं सोडून त्या जागेची कातडी बघावी लागे. फुलीची टीप मलाही शिकवली होती. ती कशासाठी असते ते मला ठाऊक आहे.

तुझ्या सासूबाईंना बांधून ठेवतात. आणि तो पट्टा दोनदा आत घ्यावा लागला, म्हणजे त्या झपाट्यानं वाळतायत.

जाऊबाई दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण तू वर जा आणि आपल्या डोळ्यांनी बघ. आणि ते थेंब आजपासून घेऊ नकोस.

मावशी

२८ मार्च

मावशी,

तुझं पत्र जाऊबाईंनी चुकून फोडलं. त्या ते घेऊन माझ्या पलंगाशी बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी काही लपवलं नाही. "हो, बांधते," म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी आई गॅस उघडा टाकून झोपल्या. नंतर एकदा घरातल्या कपड्यांवर रस्त्यावर गेल्या, गाडीखाली येता येता वाचल्या. मी आंघोळीलाही दार उघडं ठेवून जात होते. तुझ्या मावशीला म्हणावं, एका बाईनं एकटीनं काय करायचं ते तुम्हीच सांगा." तुला उत्तर सुचतंय का? हे जहाजावर, दीर गेलेले. कोण होतं त्यांना?

तू लांबून, एका पट्ट्यावरून, माणसाला गुन्हेगार ठरवलंस. मला वाईट वाटलं.

शिवण मी सोडलेली नाही. आता आणखी एक पट्टा करतेय, या वेळी मोठ्या मापाचा. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पुढं लागेल." गंमत म्हणजे ती दोरी मी सहज स्वतःभोवती धरून पाहिली, तर पोटासाठी चार बोटं जागा सोडून मला बरोब्बर बसली.

झोप येतेय. हे पत्र जाऊबाईच टपालात टाकतील. मी आता खाली जात नाही.

गुंडी

३ एप्रिल

गुंडे,

हे पत्र मी घड्याळवाल्यांच्या नावे पाठवतेय. तुझ्या हातातच द्या, अशी त्यांना वेगळी चिठ्ठी लिहिलीय. घरच्या पत्त्यावरही एक पत्र धाडलंय, त्यात मी जाऊबाईंची माफी मागितलीय. ते त्यांच्यासाठी.

तू विचारलंस, त्यांना कोण होतं. कुणी नव्हतं, हे खरं आहे. त्यांच्यावर फार मोठा भार पडला, हेही खरं. त्यांनी दार उघडून मदत मागितली असती तर मी पहिली धावत आले असते. पण गुंडे, आता तू आहेस ना घरात? धडधाकट सून आहे, दोन हात आहेत, तरी तुला वर जाऊ देत नाहीत. उलट तुलाच खाली निजवलंय.

तू स्वतःच्या मापाचा पट्टा शिवते आहेस. परत एकदा वाच ते वाक्य. मी इथं बसून ते इतक्यांदा वाचलं की कागदाची घडी फाटली.

शिवलेला पट्टा उसव. थेंब तोंडात धर आणि त्यांची पाठ वळली की उशीच्या कापडावर थुंक. डोकं जागेवर आलं की वर जा.

मावशी

११ एप्रिल

मावशी,

वर जाऊन आले.

घड्याळवाले काका "बाईंच्या घड्याळाचा पट्टा दाखवायचाय" असं सांगून माझ्या दारापर्यंत आले आणि जाऊबाई पैसे आणायला वळल्या तेवढ्यात पत्र माझ्या पांघरुणावर टाकून गेले. चार दिवस थेंब थुंकले. आज जाऊबाई औषधांच्या दुकानात गेल्या. जाताना आपला झगा बदलला आणि किल्ली त्या झग्याच्याच खिशात राहिली.

दार उघडल्यावर आधी वासच अंगावर आला. पडदे दाट, खिडकीला खिळे. सासूबाई उताण्या होत्या. मावशी, माझी निळी फुलं त्यांच्या दोन्ही हातांवर होती. त्यांचा चेहरा एवढासा झालाय. मी जवळ गेले तर बिथरल्या वगैरे काही नाहीत. डोळे बारीक करून म्हणाल्या, "धाकट्याची का तू?"

"हो, मीच धाकटी, आई," मी म्हटलं.

"थोरलीला सांगू नकोस आलीस ते." आणि लगेच, कुणी ऐकत असल्यासारखं, मोठ्यानं म्हणाल्या, "थोरली फार चांगली आहे. माझं खूप करते."

मी नाड्या सोडल्या. मनगटाखाली कातडी राहिलेली नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावला तर तो संपेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. मी म्हटलं, "चला, आपण खाली जाऊ." त्यांनी मान हलवली. खाली दाराचा आवाज झाला, तसे त्यांनी आपणहून दोन्ही हात माझ्यासमोर धरले. मोजे घाल म्हणून. मी कशाला थांबले होते कुणास ठाऊक, त्या म्हणाल्या, "लवकर गं."

मी घातले. मीच बांधले परत. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझे हात चपळ निघाले.

त्यांना सोडून मी एकटी कशी येऊ? आणि दोघींनी जिना कसा उतरायचा? पायात त्राण नाही, माझ्याही. तू ये. घड्याळवाले काका कुठली तरी सबब काढून हे पत्र घेऊन जातील.

जाऊबाईंनी आत्ताच किल्ली शोधली. मी ती झग्याच्या खिशात परत ठेवली होती, पण आधी उजव्या खिशात होती की डाव्या ते मला आठवेना.

गुंडी

१६ एप्रिल

मावशीबाईंना सप्रेम नमस्कार.

आपलं माफीचं पत्र मिळालं. मी मनात काही ठेवलेलं नाही. आपल्या वयाला कान आणि मन दोन्ही दगा देतात, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

आपली भाची सध्या अंथरुणावर आहे. तिच्या मनानं काही वेडंवाकडं घेतलंय. स्वतः नीट शिवलेली वस्तू परवा तिनं उसवून टाकली. मी ती पुन्हा शिवून घेतली. अशा अवस्थेत बायकांना भास होतात. बाळाच्या दृष्टीनं तिनं हलणं बरं नाही, आणि पत्रांनी ती अस्वस्थ होते. तेव्हा आपण यापुढे लिहू नये. शेजारच्या गृहस्थांनाही मी तसं समजावलंय.

काळजी करू नये. माझ्याकडे आलेल्या माणसाची मी कधी आबाळ होऊ दिलेली नाही. ती आता अगदी शांत आहे.

आपली,
थोरली सून

२४ एप्रिल

जावईबापू,

हे पत्र कुठल्या बंदरात तुमच्या हाती पडेल कोण जाणे. उभ्यानं वाचू नका. आधी हे सांगते की तुमची आई जिवंत आहे, तुमची बायको जिवंत आहे आणि बाळाचे ठोके लागतायत.

गुंडीचं आणि तुमच्या वहिनींचं पत्र एकाच टपालानं आलं, त्याच दिवशी मी निघाले. दार त्यांनीच उघडलं. केस विंचरलेले, झगा इस्त्रीचा. "ती झोपलीय, चहा घेऊन जा," म्हणाल्या. माझे कान गेलेत हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी ते पूर्णच गेले. "वर आहे का? बरं बरं," म्हणत मी जिना चढायला लागले. त्या मागून बोलत होत्या, मी "हो हो, पाऊस नाही यंदा" असलं काहीतरी बरळत चढत होते. घड्याळवाले काका माझ्या मागे होते. भित्रा माणूस, पण आला.

गुंडीला पलंगाला बांधलेलं होतं. तिनंच शिवलेल्या पट्ट्यानं. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट. मला ओळखायला तिला वेळ लागला. गाठ सुटेना, म्हणून मी पिशवीतली कात्री काढली. तेवढ्यात वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि गुंडीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "असं करू नका. पडेल ती. मी सोडून कुणाला हिची काळजी आहे?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. जावईबापू, मी इस्पितळात पुष्कळ माणसं पाहिली, पण असं पाणी पाहिलं नव्हतं. मी पट्टा कापला.

तुमच्या आईंना आम्ही खुर्चीत बसवून खाली उतरवलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांची पाठ पाहिली आणि आम्हाला खोलीबाहेर काढलं. आशा थोडी आहे, असं म्हणतात.

चौकीवर गेले. तिथले साहेब म्हणाले, "घरातली कुरबूर घरात मिटवा. त्या बाईनं इतकी वर्षं म्हातारीची सेवा केलीय, गल्ली सांगते." गल्लीनं आत पाऊल टाकलं होतं का, हे मी विचारलं. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

मिळेल त्या वाटेनं या.

मावशी

२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तू परत गेल्यावर ही खोली उगाच मोठी वाटते. घड्याळवाल्या काकांच्या दुकानावरची आहे, त्यामुळे हे म्हणतात बाळ जन्मतःच वेळेचं पक्कं होईल. हसण्याचा प्रयत्न करतात बिचारे. सासूबाई गेल्या तेव्हा हे नुकतेच पोचले होते. त्यांनी यांना ओळखलं की नाही ते सांगता येत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस हे एकच वाक्य बोलायचे, "वहिनीनं आयुष्य घातलं गं तिच्यासाठी." माझ्याशी वाद म्हणून नाही, स्वतःशीच. आता बोलत नाहीत.

तुला आज लिहायचं कारण वेगळं आहे.

परवा काकांनी गिऱ्हाइकाकडून ऐकलं की जाऊबाईंना पुलापलीकडे काम लागलंय. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीला जाते, तर दिवसरात्र राहून त्यांचं करायचं. सगळे म्हणे फार खूश आहेत. हे म्हणाले, "तू या अवस्थेत जाऊ नकोस, मी जातो." मी म्हटलं, तुम्हाला बघून त्या मुलीला वाटेल की भाऊबंदकी आहे. मी गेले.

मुलगी माझ्यापेक्षा थोडी मोठी. इस्त्री अर्धवट टाकून दारात आली. मी एका दमात सगळं सांगितलं, मनगटांसकट. तिचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला.

"ताईंनी मला सांगितलं होतं, जाऊ येईल म्हणून," ती म्हणाली. "घर वाटून घेण्यावरून बिनसलंय ना तुमचं? हे बघा, मी सहा वर्षांत पहिल्यांदा रात्री झोपतेय. त्या सोन्यासारख्या आहेत. परत येऊ नका."

दार लागलं. मी कोपऱ्यापर्यंत आले आणि एका बुटक्या भिंतीवर बसले, कारण पोटात कळ आली होती. मनात म्हटलं, मीही असंच म्हटलं होतं मावशीला. तेवढ्यात मागून पावलं वाजली. ती होती. एका पायात चप्पल एक, दुसऱ्या पायात दुसरीच.

"तुमच्या सासूबाई बोलायच्या का?"

"शेवटी शेवटी नाही," मी म्हटलं.

"बाबा अखंड बोलायचे. पेपर वाचून सरकारला शिव्या, मला शिव्या, पंख्याला शिव्या. मी कानात बोळे घालून काम करायचे." ती रस्त्याकडे बघत होती. "ताई आल्यापासून एक शब्द नाही. मला वरही जाऊ देत नाहीत, बाबा बिथरतात म्हणून. मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय."

आम्ही दोघी परत गेलो. जिन्यात वरून जाऊबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा हळू, "कोण आहे?" मुलगी थांबली. मी म्हटलं, "तुम्ही सांगा. घर तुमचं आहे."

"मी आहे," ती ओरडली. "दार उघडा!"

जाऊबाईंनी उघडलंही. बाजूला होऊन आम्हाला वाट दिली. माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "एवढे जिने चढू नयेत गं." म्हातारेबाबा खाटेवर होते, चादरीच्या पट्ट्या फाडून बांधलेले, तोंडात रुमाल. मुलीनं रुमाल काढला, मी त्यांचा एक हात सोडवला. तसे ते एकदम सुरू झाले. मावशी, असल्या शिव्या मी जन्मात ऐकल्या नाहीत. मुलगी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती आणि ते तिच्या केसांवरून हात फिरवत तिलाच शिव्या देत होते. माझी कळ कुठल्या कुठं पळाली.

या वेळी चौकीवर त्यांनी लिहून घेतलं. मुलगी टेबलासमोरून हललीच नाही. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सासूबाईंचंही सगळं विचारलं.

पण पोलिसांना जाऊबाई सापडल्या नाहीत. आम्ही त्या खोलीत पट्ट्या सोडत होतो तेव्हा जाऊबाईंनी खालच्या खोलीत आपली पिशवी भरली असणार. मला जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली होती. मी उठलेही. पण म्हाताऱ्याबाबांनी माझं बोट घट्ट धरलं होतं आणि ते सोडवून घेणं मला जमलं नाही. नंतर धावत खाली आले, तर रस्त्यात बाजाराची गर्दी होती, पिशव्या घेतलेल्या बायकाच बायका, आणि त्या कुठल्या बाजूला गेल्या ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

तुझी
गुंडी